सदतिसावा रकाना

भोकरदनच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाईन सेंटर आहे. बारा वर्षं झाली. पीकविमा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, आधारवरचा चुकलेला पत्ता, सगळं मी भरून देतो. माझ्या तोंडाबद्दल लोक काय बोलायचं ते बोलतात, पण एक गोष्ट सगळे मान्य करतात: राधेश्यामनं भरलेला फॉर्म परत येत नाही. कारण मी रकाना रिकामा सोडत नाही. नसलेल्या गोष्टीपुढे 'लागू नाही' लिहितो, विसरलेली तारीख दाखल्यांच्या गठ्ठ्यातून शोधून काढतो, आणि लोकांचे पासवर्ड तर त्यांच्यापेक्षा मलाच जास्त पाठ. त्यासाठी एक लांबडी वही आहे. सहाशेच्या वर नावं, नावापुढे पासवर्ड. या कामाचा मला माज होता. तो कसा उतरला आणि त्याची शिक्षा भलत्याच माणसाला कशी झाली, ते सांगतो. मी चिडलेलो आहे, तेव्हा गोड भाषेची अपेक्षा कुणी ठेवू नये.

शिक्षा झाली नंदावहिनींना. हसनाबादचा बद्रीनाथ आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. त्याची बायको म्हणून त्या माझ्या वहिनी. बद्रीनाथनं कावीळ अंगावर काढली आणि सहा वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नाही. वहिनी आता पंचेचाळिशीच्या आहेत. गेली नऊ वर्षं त्या गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. ताट एका हातात धरून, दुसऱ्या हातानं शेजारच्याला चिमटे काढणारं पोर घरून खाऊन आलेलं असतं, आणि दोन्ही हातांनी ताट धरून गप उभं राहणारं उपाशी आलेलं असतं, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. अशा पोराला त्या काही न बोलता आधी वाढतात. कौतुक केलं तर अंगावर येतात.

कीव तर त्यांना बिलकुल चालत नाही. एकदा माझ्याच दुकानात एक बाई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "बिचारीला कुनी न्हाई."

वहिनी वळल्या. "बिचारी तुझी म्हैस. मला दोन हात हायेत."

दोन हात होते, पण खोली नव्हती. म्हणजे होती, थोरले दीर सर्जेराव यांच्या घरात, मागच्या अंगाला. तिला बाहेरून कडी, आतून काही नाही. आत सोयाबीनच्या गोण्या, फवारणीचा पंप, पाईपची भेंडोळी आणि एका कोपऱ्यात वहिनींची पत्र्याची पेटी. कुणाला पंप लागला की दार ढकलून आत. पुतण्याचा चेंडू आत गेला की दार ढकलून आत. दार वाजवायची पद्धत त्या घरात नाहीच. साडी बदलायची तर वहिनी गोण्यांच्या मागे उभ्या राहायच्या. आतून कडी बसवा असं त्यांनी सर्जेरावांना दोनदा सांगितलं. सर्जेराव म्हणाले, "घरातल्या घरात कोनापासून लपायचं तुला? लपवण्यासारखं काई आसंल तर सांग." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे हेच वाक्य मी इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाकडून ऐकलं.

परतूरला वहिनींची धाकटी बहीण असते, वंदना. तिनं चार वर्षांपूर्वी आपला जुना मोबाईल वहिनींना दिला. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, फेसबुक काढून द्या. पन फक्त माहेरच्या बाया. सासरचं कुनी न्हाई, गावातलं कुनी न्हाई. बाकी कोनालाच दिसायला न्हाई पायजे." मी खातं काढून दिलं, त्याला कुलूप लावून दिलं. त्यात तेवीस जणी होत्या. पासवर्ड माझ्या नेहमीच्या पद्धतीनं टाकला, नवऱ्याचं नाव आणि पुढे एक दोन तीन. भोकरदन तालुक्यातल्या निम्म्या बायकांची कुलपं नवऱ्याच्या नावानं उघडतात, ही माझीच करणी. वहीत नोंद केली. त्या वहीबद्दल कुणाला कधी शंका आली नाही. मलाही नाही.

गेल्या मे महिन्यात वहिनी पेपरचं एक कात्रण घेऊन आल्या. जालन्यापासून सात-आठ किलोमीटरवर मुलींची एक निवासी शाळा आहे. तिचं नाव लिहीत नाही, मला दुकान चालवायचं आहे. तिथे गृहमाता पाहिजे होती. दहावी पास, मुलांच्या कामाचा अनुभव, विधवा आणि परित्यक्ता महिलांना प्राधान्य. वहिनींनी या सगळ्यावरून बोट सरकवत शेवटच्या ओळीवर ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'राहण्यासाठी स्वतंत्र खोली.'

"स्वतंत्र म्हंजी एकटीची ना?"

"एकटीची."

"मंग भरा जल्दी."

मी फॉर्म उघडला. एक्केचाळीस रकाने! गृहमाता नेमायची होती की कलेक्टर, कोण जाणे. वहिनी पंधरा मिनिटं समोर बसल्या, विचारलेलं सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी भरा तवर, मी समोरच्या हार्डवेअरमधून कडी घेऊन येते. खोली देतील, पन आतून कडी आसंल का न्हाई, काय सांगावं?" आणि गेल्या. अजून मुलाखतीचा पत्ता नव्हता आणि बाई खोलीची कडी आणायला निघाली. मला हसू आलं. आता ते हसू आठवलं की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

कारण तेवढ्यात सदतिसावा रकाना आला. 'चारित्र्य पडताळणीसाठी: समाजमाध्यमांवरील खाते व पासवर्ड.' पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. असला रकाना बारा वर्षांत मी पाहिला नव्हता. तिथे हात थांबायला पाहिजे होता. थांबला नाही. हात आपला वहीकडे गेला, 'न'चं पान काढलं, आणि मी बद्रीनाथ एक दोन तीन टाकून मोकळा झालो. अडतिसाव्यात घरातल्या कर्त्या पुरुषाचा नंबर मागितला होता. तोही माझ्याकडे होता. सर्जेरावांचा दिला.

वहिनी पेपरात गुंडाळलेली कडी घेऊन परत आल्या. मी छापील प्रत पुढे ठेवली. "वाचून घ्या," असं तोंडदेखलं म्हणालो. त्यांनी न वाचता चारही पानांवर सही केली आणि म्हणाल्या, "तुमी भरलं म्हंजी बराबरच आसंल."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास वहिनी जालन्याच्या गाडीतून उतरून थेट दुकानात आल्या. पिशवी काऊंटरवर ठेवली, स्टुलावर बसल्या, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग जे झालं ते एका दमात सांगितलं. तोंडावरची रेषही हलली नाही.

टेबलापलीकडे तिघं होते. संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक आणि एक बाई सदस्य. आधी बराबर चाललं होतं. दीडशे मुलींना भात किती लागतो, रात्री कुणाला ताप आला तर काय कराल, वगैरे. वहिनींना हे विचारणं म्हणजे सुताराला पटाशी कुठल्या हातात धरतात ते विचारणं. त्यांनी धडाधड सांगितलं. मुख्याध्यापक मान डोलवत होते. मग सचिवांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर वहिनीच होत्या. वंदनाच्या मुलीची, प्रियदर्शनीची हळद. वहिनींच्या कपाळावर टिकली, हातात हिरव्या बांगड्या, गालांना हळद. आणि पुढच्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत वहिनी भाच्यांच्या घोळक्यात नाचत होत्या. तेवीस बायकांशिवाय जगात कुणी न पाहिलेलं ते नाचणं तिघंजण खुर्चीला टेकून पाहत होते.

सचिवांनी विचारलं, "अर्जात तुम्ही विधवा लिहिलंय?"

"हाव."

"मग हे कुंकू कुणाच्या नावाचं?"

वहिनी म्हणाल्या, "प्रियदर्शनीच्या नावाचं. भाचीनं लावलं. म्हनली, मावशे, तू लावली न्हाईस तर मी हळदीला बसनार न्हाई."

एवढ्या उत्तरावर कुठल्याही माणसानं मान खाली घातली असती. सचिवांनी लॅपटॉप पुढे सरकवला. त्यांनी फोटो पाहूनच समाधान मानलं नव्हतं, बहिणी-बहिणींनी एकमेकींना लिहिलेले निरोपही उघडले होते. दिवाळीतला एक त्यांनी मोठ्यानं वाचला. 'वंदे, या घरात माझं दार बंद होत न्हाई. मला इथं राहवत न्हाई.' वाचून त्यांनी विचारलं, "घरच्यांशी पटत नाही वाटतं तुमचं? मग दीडशे मुलींशी कसं पटणार?" ती बाई सदस्य टेबलाकडे पाहत राहिली. बाई असून! तिनं नुसतं 'पुरे' म्हटलं असतं तरी मी तिला मानलं असतं.

सांगून झाल्यावर वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, एक समजंना. माझं खातं त्यांच्या हाती लागलं कसं? माझ्या तेवीस जनींतली एक बी फुटनार न्हाई."

मला त्याच क्षणी कळलं होतं. लाल चांदणी डोळ्यांसमोर होती. आणि मी काय म्हणालो? "पाहतो," म्हणालो. बारा वर्षं लोकांची खरी माहिती भरणारा मी, माझ्या स्वतःच्या रकान्यात खोटं लिहिलं.

चार दिवसांनी माझ्या सेंटरच्या ईमेलवर संस्थेचं पत्र आलं. 'अर्जातील माहिती व प्रत्यक्ष वर्तन यांत विसंगती आढळल्याने अर्ज नामंजूर.' ते वाचून माझं डोकं फिरलं. दुकान बंद केलं, मोटारसायकल काढली आणि थेट ती शाळा गाठली. वाटेत मनाशी भाषण तयार केलं होतं. सचिवांच्या खोलीत शिरल्या शिरल्या म्हणालो, "दीडशे पोरी सांभाळायला तुम्हाला कशी बाई पाहिजे? आयुष्यात कधी न हसलेली?"

सचिव शांत माणूस. मला अशा शांत माणसांचा फार राग येतो. ते म्हणाले, "पालक विश्वासानं मुली ठेवतात. आम्हाला पाहावं लागतं."

"पाहा की! नऊ वर्षांचं काम पाहा, शाळेला फोन करा, गावात विचारा. बाईच्या बहिणीला लिहिलेलं कशाला वाचता?"

"लपवण्यासारखं काही नसेल तर वाचलं म्हणून काय बिघडलं?"

सर्जेराव पाचवी नापास, हे एम.ए. बी.एड. वाक्य तेच. मी म्हणालो, "मग साहेब, तुमचा मोबाईल द्या इकडे. मीही वाचतो. तुम्ही मुली सांभाळता, मला पाहावं लागेल."

त्यांनी मोबाईल उलटा करून खिशात घातला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आम्ही चोरी केलेली नाही. आम्ही मागितलं, अर्जदारानं दिलं. खाली सही आहे. आणि भरून देणाऱ्याचं नावही आहे." तिथे माझ्या सेंटरचं नाव होतं. मोबाईल नंबरसकट. मीच हौसेनं प्रत्येक फॉर्मच्या खाली टाकतो, जाहिरात म्हणून.

खरं सांगायचं तर उत्तर होतं. भुकेल्या माणसाला नोकरी दाखवून कपडे काढायला लावायचे आणि वर 'त्यानंच काढले' म्हणायचं, ही चोरीच्या पलीकडची गोष्ट आहे. चोर निदान मालक झोपायची वाट पाहतो. पण हे सगळं मला बाहेर मोटारसायकलला किक मारताना सुचलं. आत मी तोंड मिटून उभा होतो, कारण कुलूप त्यांनी फोडलं नव्हतं. किल्ली मी दिली होती.

तिथून घरी न जाता हसनाबाद गाठलं. सर्जेरावांच्या अंगणात चार माणसं जमलेली. संस्थेनं 'चौकशी' म्हणून अडतिसाव्या रकान्यातला नंबरही लावला होता, आणि व्हिडिओची हकीकत दिराला ऐकवली होती. निरोपातल्या ओळीसकट. सर्जेराव गरजत होते, "भाऊ मेला अन् ही नाचून राह्यली! वर आमच्या घराची बदनामी! तोंड दाखवायला जागा न्हाई ठिवली!"

वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सहा वर्सं झाले त्यांना जाऊन. आजून किती वर्सं न्हाई नाचायचं ते एकदा लिहून द्या."

मी पुढे झालो. म्हणालो, "सर्जेरावदादा, थांबा. वहिनींनी काही केलं नाही. त्यांचा पासवर्ड मी दिला. तुमचा नंबरही मीच दिला. फॉर्ममध्ये रकाना होता."

वहिनींचे हात थांबले.

"तुमी?"

"हो."

"मला इचारलं का न्हाई?"

"तुम्ही समोर कडी आणायला गेल्त्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "म्या कडी आनायला गेल्ते, अन् मागं तुमी दार उघडून दिलं."

मग त्या उठल्या. पदरातली टरफलं झटकली, स्वयंपाकघरातून वरवंटा घेतला आणि मागच्या खोलीत गेल्या. दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं आतून ठोकल्याचा आवाज यायला लागला. सर्जेराव धावले, "ए, काय करून राह्यली? दार फाटंल!" त्यांनी दार ढकललं. उघडलं नाही. बहुतेक वहिनी पाठ लावून उभ्या होत्या, आणि पाठ लावूनच खिळे ठोकत होत्या. ते कसं जमतं ते मला माहीत नाही. जमलेली माणसं हळूहळू पांगली. मीही निघालो, मला कुणी थांब म्हटलं नाही.

त्यानंतर मी दुकानात बसलो खरा, पण कामात लक्ष नव्हतं. त्याच शाळेचा अर्ज भरायला आणखी दोघीजणी आल्या, कारण गृहमाता अजून मिळाली नव्हती. सदतिसाव्या रकान्यापाशी मी हात काढून घेतला आणि तो काय मागतो ते दोघींना वाचून दाखवलं. एक जण उठून गेली. दुसरी म्हणाली, "भरा. मला नोकरी पायजे." मी तिला की-बोर्ड दिला. तिनं स्वतः टाकला. तिच्यावर चिडायचा मला हक्क नाही. ज्यानं तो रकाना बसवला त्याच्यावर मात्र मी मरेपर्यंत चिडणार आहे.

आठवड्यानं, भर बाजाराच्या दिवशी, वहिनी आल्या. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी माफीची चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्यांनी एकही बोलू दिलं नाही.

"त्यो पासवर्ड बदलायचाय."

"हो वहिनी. लगेच. सांगा काय टाकू?"

"सांगनार न्हाई. उठा."

मी उठलो. बारा वर्षांत त्या खुर्चीवर माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. वहिनी बसल्या. बदलायचं पान मी उघडून दिलं.

"आता तिकडं तोंड करा. अन् तुमी बी," असं त्या रांगेतल्या गिऱ्हाइकांनाही म्हणाल्या. आम्ही सगळे स्टँडकडे तोंड करून उभे राहिलो. एक म्हातारा पुटपुटला, "हे काय नवीन?" पण वळला नाही. मागे एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबल्याचा आवाज येत होता. मधे बराच वेळ थांबायचा, परत यायचा. सिल्लोडची गाडी लागली, भरली, निघून गेली, तरी त्यांचं चालूच होतं.

"झालं," त्या म्हणाल्या.

मी वळलो. विचारायला जीभ रेटत नव्हती, तरी विचारलं, "खोलीचं काय?"

"सर्जेरावांनी कडी दोनदा काढली. म्या तिनदा बसवली." त्यांनी पिशवी उचलली. "नोकरी गेली ती गेली. त्यांना तुमचा रकाना पायजे व्हता, बाई नको व्हती."

जाता जाता त्या काऊंटरवरच्या लांबड्या वहीपाशी थांबल्या. 'न'चं पान स्वतः काढलं. आपल्या नावापुढचं बद्रीनाथ एक दोन तीन माझ्याच पेननं गिरवून गिरवून खोडलं.

"आता हितं काय लिव्हनार?"

"काही नाही."

"रिकामं ठिवनार?"

"रिकामं."

त्यांनी मला खालून वर नीट पाहिलं, पोरानं ताट कसं धरलंय ते पाहतात तसं, आणि म्हणाल्या, "तुमाला जमंल?"